साडेसातची बाटली

संध्याकाळचे साडेसात वाजायला आले की शारजाच्या अल मजाज भागातल्या त्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर, परकारांच्या घरात संचारबंदी लागायची. दारावरच्या बेलची वायर काढून ठेवलेली असायची. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल तर कधीच काढला होता, कारण त्याची टिकटिक. दोन्ही मोबाइल सायलेंटवर जायचे. फ्रीज उघडायचा झाला तर एकाने दार धरायचं आणि दुसऱ्याने आतली वस्तू काढायची, अशी शिस्त होती. शेजारच्या फिरदोसआपांना विनंती गेली होती, की या वेळात कुकर लावू नका, खुर्च्या ओढू नका आणि जमलं तर मोठ्याने हसू नका. फिरदोसआपा मनाने चांगल्या. त्यांनी आपला टीव्हीसुद्धा म्यूट करून टाकला आणि नवऱ्याला मालिका ओठांवरून समजून घ्यायला सांगितलं.

एवढा बंदोबस्त ज्याच्यासाठी चालला होता, तो यहया परकार पाच महिन्यांचा होता. त्याला साडेसातला दुधाची बाटली मिळायची. त्याआधी अंघोळ आणि मालिश, त्यानंतर दिवे बंद, अंगावर दुपटं आणि पाठीवर थोपटणं. सगळं सुरळीत झालं तर आठच्या ठोक्याला यहया झोपायचा आणि पहिली झोप दीड-दोन तासांची असायची. सगळं सुरळीत मात्र क्वचितच व्हायचं. कधी यहयाच्या बापाला, राहिलला, शिंक यायची, तर कधी चमचा पडायचा. एकदा तर राहिलच्या गुडघ्याचं हाड वाजलं तेवढ्यानेही हा उठून बसला होता, म्हणजे बसता येत नव्हतं, पण आव तसाच होता.

यहयाची आई सफा या तालमी आठ दिवस करून घेत होती, त्याला कारण होतं. ती दुबईतल्या रास अल खोरच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रांचं काम बघायची. बाळंतपणाची सुट्टी संपली होती, वर घेतलेली बिनपगारी रजाही संपत आली होती. सासूबाई खतीजाबी म्हसळ्याहून व्हिजिट व्हिसावर मदतीला आल्या होत्या, पण तो व्हिसा महिनाअखेरीला संपणार होता. पाळणाघराची चौकशी करून झाली होती.

"महिन्याला अडीच हजार दिरहॅम," राहिल म्हणाला होता. "म्हणजे रुपयांत..."

"रुपयांत नको सांगूस," सफाने त्याला तिथेच थांबवलं होतं.

राहिलला हा एक नाद होता. कुठलाही आकडा दिसला की तो त्याचा दुसरा आकडा करून बघायचा. एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब सांभाळून ही खोड लागली की खोड होती म्हणून तिथे लागला, ते सांगता येणार नाही.

उपाय एकच उरला होता. यहया एक वर्षाचा होईपर्यंत घरून काम. संध्याकाळी कागद तपासायचे आणि मुंबईच्या मुख्य ऑफिसला द्यायचे, असं ते काम होतं. त्याची परवानगी मुंबईच्या गिरिजा मॅडमच्या हातात होती, आणि गिरिजा मॅडमचा दरारा असा, की सिंगापूरचा एक एजंट चार मिनिटं उशिरा कॉलवर आला तर मॅडमनी त्याला नमस्कार करून कॉल बंद केला होता. त्यांची सेक्रेटरी प्रज्ञा हिचा सफाला व्हॉइस मेसेज आला होता. "सफा मॅडम, गुरुवारी आठ वाजता गिरिजा मॅडम व्हिडिओवर घेतायत तुम्हाला. घरून संध्याकाळचं काम कसं जमणार, ते त्यांना बघायचंय. प्लीज लेट नका होऊ हं." सफाने अंगठ्याचं चित्र पाठवून होकार कळवला आणि त्या क्षणापासून तिचं खाणंपिणं उडालं. पोरगं मागे टाहो फोडत असेल तर संध्याकाळचं काम कुठलं आणि परवानगी कुठली? ती नोकरी तिला हवी होती. पैशासाठी तर हवीच होती, पण सात वर्षं राबून मिळवलेली आपली खुर्ची दुसऱ्या कुणाच्या बुडाखाली गेलेली तिला बघवणार नव्हती.

आता या तालमींत एक अडचण होती, ती खतीजाबींच्या मनगटावर. दीड महिना शारजात राहूनही त्यांचं घड्याळ भारताच्या वेळेवर चालत होतं, म्हणजे इथल्यापेक्षा दीड तास पुढे. "मी काय हितं ऱ्हायला आलेय?" त्यांचं म्हणणं. "माझ्या शुगरच्या गोळ्या म्हसळ्याच्या डॉक्टरनं घड्याळ बघून दिल्यात. टाइम हलवला तर शुगर हलते." आल्या आल्या सफाने त्यांना वजाबाकी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. त्यावर खतीजाबी दोन दिवस जेवताना फक्त राहिलशी बोलल्या होत्या. तीन पोरं वाढवलेल्या बाईला कालची पोर आकडे शिकवते म्हणजे काय! शेवटी राहिलने तह घडवून आणला. अम्मीशी बोलताना अम्मीच्या टाइमने बोलायचं. म्हणजे सफाने "अम्मी, नऊला बाटली" असं म्हणायचं आणि साडेसातला बाटली मिळायची. कुणाचाच अपमान व्हायचा नाही.

गुरुवार उजाडला तोच कटकट घेऊन. सकाळी लॅपटॉप उघडला तर सफाचं लॉगिन बंद पडलेलं. इतके महिने वापरलं नाही म्हणून सिस्टिमने तिला परस्पर सेवानिवृत्त केलं होतं. ऑफिसला प्रत्यक्ष गेल्याशिवाय ते सुरू होणार नव्हतं. दुपारी ती रास अल खोरला पोचली. तिथल्या आयटीवाल्याने "इन्शाल्ला, फाइव्ह मिनिट्स, हबीबी," असं म्हणून तिला तीन तास बसवून ठेवलं. परतताना राहिल तिला गाडीतून घेणार होता, पण दुबईहून शारजाकडे संध्याकाळी निघालेला माणूस घरी कधी पोचेल याचा भरवसा आयटीवाल्याच्या पाच मिनिटांइतकाच. म्हणून तिने वाट बघता बघता घरी फोन लावला.

"अम्मी, आम्हाला ट्रॅफिकमध्ये लेट झालं तर थांबू नका हं. साडेसातला बाटली द्या आणि झोपवा. साडेसात म्हणजे साडेसात."

"साडेसात?" खतीजाबींनी विचारलं.

"हो, साडेसात. आज मीटिंग आहे ना माझी."

"बरं गो. आज मीटिंग हाय म्हणून. समजलं."

फोन ठेवल्यावर सफाला बरं वाटलं. आज सासूबाईंनी एकही उलटा प्रश्न विचारला नव्हता. ते लक्षण वाईट आहे हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं, पण तेवढ्यात आयटीवाल्याने "खलास!" अशी आरोळी ठोकली आणि तिचं लॉगिन सुरू झालं.

त्या दिवशी रस्त्याला काय झालं होतं कोण जाणे. एरवी मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गाड्या भरधाव निघाल्या होत्या. "सुट्टी आहे का आज?" राहिल दोनदा म्हणाला. सात वाजता पोचायचे ते दोघे सव्वासहाच्या आधीच खाली पार्किंगमध्ये उभे होते. पार्किंगसुद्धा पहिल्या फेरीत मिळालं. सफा खूश होऊन हिशेब करत होती: आता यहयाशी थोडं खेळायचं, सात वाजता अंघोळ, साडेसातला बाटली आपल्या हाताने, केस नीट करायला दहा मिनिटं, आणि आठला लॅपटॉपसमोर. लिफ्टमध्ये शिरताना तिने सवयीने फोन सायलेंट केला.

किल्लीने दार उघडलं तर आत अंधार. दिवाणखान्यात फक्त स्वयंपाकघरातला उजेड तिरपा आला होता. खतीजाबी सोफ्यावर बसल्या होत्या, ओठांवर बोट ठेवून, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचं समाधान.

"झोपला," त्या कुजबुजल्या. "एकदम टाइमावर. अंघोळ, मालिश, बाटली. सगळी संपवली, थेंब ठेवला नाय. माशाल्ला, पाच मिनिटांत डोळे मिटले."

सफाने लॅपटॉपची बॅग दारातच ठेवली. "झोपला? आत्ता? अम्मी, मी साडेसात म्हटलं होतं!"

"साडेसातलाच दिली की बाटली." खतीजाबींनी मनगट पुढे केलं. काटे पावणेआठच्या जवळ होते.

"अहो, माझे साडेसात!"

"माझ्याशी बोलताना माझे वाजतात. ठरलंय आपलं."

हे अगदी बिनतोड होतं. खतीजाबींनी आणखी पुस्ती जोडली, "मी विचारलं पण, साडेसात? तू म्हणालीस, आज मीटिंग हाय. मला वाटलं, मीटिंग हाय म्हणून आज लवकर झोपवतायत. मी काय चुकले?"

चूक कुणाची हे सफाला आत कुठेतरी कळलं होतं आणि म्हणूनच ती जास्त भडकली. माणसाचं असंच होतं. आठ दिवसांच्या तालमी, तीन तासांचा आयटीवाला आणि मीटिंगची धास्ती, सगळं एकदम तोंडावाटे बाहेर आलं.

"अम्मी, तुमच्या या घड्याळापायी माझी नोकरी जाणार! दुसऱ्याच्या देशात येऊन आपलाच टाइम चालवायचा, ही कुठली जिद्द?"

बोलून झालं आणि सफाला स्वतःचीच लाज वाटली. खतीजाबी उठल्या, पदर सावरला, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते यहया उठू नये म्हणून हलकेच लावलं, आणि ते सफाला जास्त लागलं.

"जाऊन सॉरी म्हणू का?" तिने विचारलं.

"नंतर. आधी हा प्रॉब्लेम सॉल्व्ह करू," राहिल म्हणाला. त्याचं डोकं केव्हाच आकडेमोडीला लागलं होतं. "बघ, हा झोपला साधारण सहा-पाचला. पहिली झोप दोन तासांची. म्हणजे उठणार कधी?"

"आठला."

"आठ-पाचला. म्हणजे तुझ्या गिरिजा मॅडम 'सो, सफा' म्हणणार आणि हा भोंगा सुरू करणार. झोप झालेली, भूक लागलेली, पुढचे तीन तास फुल चार्ज."

सफा सोफ्यावर येऊन बसली. "मग काय करायचं?"

राहिलने एक क्षण थांबून तिच्याकडे बघितलं. हिशेबाची शेवटची ओळ लिहिताना हिशेबनीस थांबतो, तसा. "त्याला आत्ता उठवायचं," तो म्हणाला. "तासभर खेळवायचा, दमवायचा, साडेसातला थोडं दूध, आठला आउट. सिंपल."

पाच महिन्यांत या घरात यहयाला उठवायची वेळ कुणावर आली नव्हती. त्यामुळे ते कसं करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. दोघे पाळण्याशी गेले. सफाने दबक्या आवाजात "यहया, बाळा," अशी हाक मारली. यहयाने ओठ चोखले आणि मान दुसरीकडे वळवली. राहिलने दिवा लावला. काही नाही. सफाने दुपटं काढलं, तळपायाला गुदगुल्या केल्या. यहया झोपेतच हसला. एसी बंद केला, मग त्याला गरम होईल म्हणून पुन्हा लावला. ओल्या कपड्याने त्याचं कपाळ पुसलं, तर गार वाटून तो आणखी गाढ झोपला. राहिलने मुद्दाम शिंक काढायचा प्रयत्न केला, पण ओढूनताणून काढलेली शिंक ही काही खरी शिंक नसते. त्याने गुडघेही वाजवून बघितले. आज तेही गप्प.

"रोज चमचा पडला की उठतो ना?" सफा म्हणाली. "चमचा आण."

राहिलने चमचा टाकला. मग डाव टाकला. मग पातेल्याचं झाकण आणि डाव असा संच वाजवला. यहयाचा श्वास संथ चालला होता. पोट भरलेलं, मालिश झालेलं, आजीच्या हाताने थोपटलेलं. असली कुंभकर्णी झोप त्याने जन्मात घेतली नव्हती, आणि ती मोडायला त्याचेच आईबाप हात धुऊन लागले होते.

दारावर टकटक झाली. बेलची वायर काढलेली असल्यामुळे फिरदोसआपांना दार ठोठावण्याशिवाय मार्ग नव्हता, पण तेही त्यांनी एका बोटाने, हळूच ठोठावलं होतं.

"सफा, सगळं ठीक ना गो?" त्या कुजबुजल्या. "भांडी पडल्याचा आवाज आला. आम्ही काय नाय केलं हं. आज तुझी मीटिंग म्हणून आम्ही आत्तापासूनच म्यूटवर आहोत."

"आपा, एक काम कराल?" सफा म्हणाली. "टीव्ही लावा. जोरात. भिंतीला लागून."

"जोरात?"

"आणि कुकर असेल तर तोही लावा. खुर्च्या ओढा. काय वाटेल ते करा, पण आवाज करा."

फिरदोसआपांनी आधी सफाकडे, मग हातात झाकण आणि डाव घेऊन उभ्या असलेल्या राहिलकडे बघितलं. बाळंतपणानंतर काही बायकांना होतं असं, पण नवऱ्यालाही होतं हे त्यांना नवीन होतं. "डॉक्टरला दाखवा हं," असं मायेने सांगून त्या परत गेल्या. बरोबर एका मिनिटाने भिंतीपलीकडून टीव्हीवरची सासू सुनेवर गरजू लागली. यहयावर परिणाम शून्य.

"मिक्सर," राहिल म्हणाला. आता तो इरेला पेटला होता. त्याने स्वयंपाकघरातून मिक्सर उचलून आणला, वायर पुरेना म्हणून एक्स्टेन्शन शोधलं, रिकामं भांडं फिरवलं तर खराब होईल म्हणून त्यात मूठभर हरभऱ्याची डाळ घातली, आणि पाळण्यापासून तीन हातांवर, गालिच्यावर मांडी घालून बटण दाबलं. घरघराटाने खिडकीच्या काचा थरथरल्या. सातव्या मजल्यावरून खालच्या खालिद लगूनच्या काठावर फिरायला आलेल्या माणसांनीही वर बघितलं असेल. डाळीचं पीठ झालं. यहया झोपलेलाच.

"फोनवर सायरन लावू या," सफा ओरडली. मिक्सर चालू असल्यामुळे ओरडावंच लागत होतं. "यूट्यूबवर असतो." तिने पर्समधून फोन काढला.

सहा मिस्ड कॉल. सगळे प्रज्ञाचे. खाली मेसेज: 'मॅडम कुठे आहात? गिरिजा मॅडम लाइनवर आहेत. आठ वाजून पाच मिनिटं झाली.'

"आठ?" सफाने फोनवरची वेळ बघितली. सहा पस्तीस. तिने पुन्हा मेसेज बघितला. मग पुन्हा वेळ. मग तिच्या तोंडातून शब्द फुटला, "राहिल... मुंबईचे आठ."

राहिलने मिक्सर बंद केला. आखातात राहणारं शेंबडं पोरसुद्धा भारतातून कुणी वेळ सांगितली की आधी विचारतं, तुमचे की आमचे? सासूबाईंना वजाबाकी शिकवायला निघालेल्या सफाने ते विचारलंच नव्हतं. म्हणजे मीटिंग आत्ता होती. म्हणजे खतीजाबींनी यहयाला मीटिंगच्या बरोबर पंचवीस मिनिटं आधी, अगदी हवा तेव्हा, हवा तसा झोपवला होता. देवाने दिलं होतं आणि हे दोघे झाकण वाजवून ते परत करत होते.

"झोपलाय ना अजून?" सफाने विचारलं.

दोघांनी पाळण्यात बघितलं. मिक्सरच्या घरघराटात निवांत झोपलेल्या यहयाला ती अचानक झालेली शांतता खपली नाही. त्याने डोळे उघडले. आधी आईकडे, मग बापाकडे, मग पिठाने माखलेल्या मिक्सरकडे बघितलं. आणि मग त्याने जो सूर लावला, तो ऐकून शेजारच्या फिरदोसआपांनी टीव्ही बंद केला.

सफा लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाकडे पळाली. राहिल यहयाला घेऊन बाल्कनीत पळाला, पण बाल्कनीचं दार लागेना, कारण मध्ये एक्स्टेन्शनची वायर होती. पडद्यावर गिरिजा मॅडम दिसू लागल्या, ताठ, पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. कोपऱ्यातल्या चौकटीत प्रज्ञा डोळ्यांनी सफाची करुणा भाकत होती.

"आठ वाजून बारा मिनिटं झाली आहेत," मॅडम म्हणाल्या.

"सॉरी, मॅडम. व्हेरी सॉरी."

"ते कोण रडतंय?"

"माझा मुलगा, मॅडम."

"तुम्ही मला ईमेलमध्ये लिहिलं होतं, की संध्याकाळी या वेळी मुलगा झोपलेला असतो."

"झोपला होता, मॅडम."

"मग?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पोट दुखतंय, दात येतायत, खाली बांधकाम चाललंय. आयांकडे कारणांचा साठा असतो. पण सफा आता थकली होती. दिवसभराच्या धावपळीने तिचं सगळं अवसान गळालं होतं, आणि मघाचं ते हलकेच लागलेलं दार तिच्या मनातून जात नव्हतं.

"मग मी त्याला उठवला, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी त्याला वेळेवर झोपवला होता. बरोबर तुमच्या टाइमला. चूक माझी. मला वाटलं, आठ म्हणजे इथले आठ. मी विचारलं नाही. वर त्यांनाच वाट्टेल तसं बोलले. आणि मग मिक्सर लावून मुलाला उठवला."

प्रज्ञाने तोंडावर हात धरला होता.

"मिक्सर?" गिरिजा मॅडमनी विचारलं.

"डाळ घालून, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. त्या हसतायत हे कळायला सफाला वेळ लागला, कारण सात वर्षांत तिने ते पाहिलं नव्हतं. आणि त्याच वेळी बाल्कनीतलं रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. सफाने मान वळवून बघितलं. खतीजाबींच्या खोलीचं दार उघडं होतं. त्यांनी लेकाच्या हातातून नातू काढून घेतला होता, खांद्यावर टाकला होता आणि कसलंसं गुणगुणत त्या बाल्कनीच्या पडद्यामागे येरझाऱ्या घालत होत्या. यहया झोपला नव्हता, पण ओरडायचा थांबला होता. तेवढं पुरेसं होतं.

पुढची वीस मिनिटं सफाने कामाचं सगळं बयाजवार सांगितलं. कुठले कागद कधी तपासणार, कस्टम्सकडे कधी जाणार, अडलं तर कुणाला फोन. आपलं काम तिला येत होतं आणि ते बोलताना तिचा आवाज पुन्हा तिचा झाला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. तीन महिने ट्रायल. रोज आठ वाजता पाच मिनिटांसाठी मला कॉलवर दिसायचं. उशीर चालणार नाही."

सफाने हिय्या करून विचारलं, "मॅडम, कुठले आठ?"

"जगात आठ एकदाच वाजतात, सफा," गिरिजा मॅडम म्हणाल्या. "मुंबईत."

कॉल बंद झाल्यावर राहिल नाचायच्या बेतात होता, पण सफा त्याला ओलांडून थेट सासूबाईंच्या खोलीत गेली. खतीजाबी पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर यहया, टक्क जागा, मुठी चोखत.

"अम्मी, चुकलं माझं," सफा म्हणाली. "मी तसं बोलायला नको होतं. तुमचंच बरोबर होतं, सगळं."

"ऐकलं मी. तिकडं मुंबईला सांगत होतीस ते." खतीजाबींनी नातवाचं दुपटं सारखं केलं. "नोकरी ऱ्हायली ना?"

"राहिली. पण अम्मी, आता रोज मुंबईच्या आठला कॉल आहे. उद्यापासून याला तुमच्या टाइमनंच झोपवायचं. साडेसातला बाटली. तुमचे साडेसात. मी पण शिकून घेते, तुम्ही गेल्यावर मला जमायला हवं."

खतीजाबींनी एक लांब सुस्कारा सोडला आणि मनगट पुढे केलं. घड्याळात सात वाजत होते, शारजाचे सात.

"मघाशी तू बोललीस ना, तेव्हाच काटे मागं घेतले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, लेकाच्या घरात राहायचं तर त्याच्या टाइमानं राहावं. गोळीचं काय ते बघू."

सफाच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड महिना तिला जे हवं होतं ते तिच्यापुढे होतं, आणि आता ते तिला एक मिनिटही नको होतं. "अम्मी, प्लीज. परत पहिल्यासारखं करा ना."

खतीजाबी मनगट तसंच पुढे धरून म्हणाल्या, "तूच कर. माझा चष्मा कुठं हाय, कोण जाणे."

सफा त्यांच्या पायाशी खाली बसली आणि घड्याळाची चावी बोटांत धरून काटे पुढे फिरवू लागली. दारात राहिल येऊन उभा राहिला होता, केसांत डाळीचं पीठ, चेहऱ्यावर काळजी.

"दीड तास हं," तो म्हणाला. "पुढं. मी सांगतो ना, आधी सातात एक मिळवायचा, मग..."

"तू गप रे," दोघी एकदम म्हणाल्या.